काठीचे दोन

काकांच्या घरी गेलं की चहाच्या आधी मिठाचं पाणी यायचं. पिण्यासाठी नव्हे. काचेच्या पेल्यातलं ते पाणी ते टेबलाच्या मधोमध ठेवत आणि आम्हाला आपापले फासे त्यात सोडायला लावत. पाण्यात मीठ भरपूर असलं की प्लॅस्टिकचा फासा तरंगतो. मग ते चमच्याच्या टोकाने त्याला टिचकी मारत, तो गिरकी घेई, आणि कोणता आकडा वर येतो ते चष्मा कपाळावर सरकवून बघत. सारखा तोच आकडा वर यायला लागला की फासा एका अंगाला जड, म्हणजे बाद. स्वतःचे फासेही ते आमच्यासमोर असेच पाण्यात घालत आणि म्हणत, "बघून घ्या, मग बोला."

मी धंद्यानेच संशयी माणूस. विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. समोरचा मालक आठवडाभरापूर्वीचा पोचा कालचा म्हणून सांगतो आणि मी त्या पोच्यातली धूळ बोटाने काढून त्याला दाखवतो, यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे जो माणूस न मागता हात उघडे करून दाखवतो, त्याचे खिसे मी आधी बघतो. काकांचे खिसे मी दोन वर्षं बघत होतो.

ओळख झाली तीही अशा तपासणीतच. नगरला सावेडीत वळणावर त्यांच्या स्कूटरला एका टेम्पोने घासलं होतं. मी गेलो, तर हे गृहस्थ बंगलीच्या पोर्चमध्ये स्कूटर धुऊनपुसून तयार ठेवून बसलेले. मी डाव्या बाजूची चीर टिपून घेतली, तसे म्हणाले, "ती धरू नका. ती जुनी आहे."

मी म्हटलं, "काका, रंग तर ताजा निघालेला दिसतोय."

"असू द्या. लोक म्हणतील, बारक्या धक्क्यात सगळी गाडी नवी करून घेतली."

कोण लोक? पोर्चमध्ये आम्ही दोघं आणि एक मांजर. आजवर क्लेम वाढवणारे शेकड्यांनी पाहिले होते. स्वतःचा क्लेम खाली ओढणारा हा पहिलाच. मला लगेच वास आला की यात काहीतरी काळंबेरं आहे. मी मुद्दाम चहाला थांबलो. आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर हाताने काढलेला नकाशा, पितळी बाहुल्या आणि बहुरंगी फाशांची रास. जुगार असणार, अशी माझी खात्रीच झाली.

जुगार नव्हता. त्यांची मुलगी पुण्यात रसायनशास्त्र शिकत होती, तेव्हा होस्टेलवर हा खेळ शिकून आली होती. एक जण खेळ चालवतो: गोष्ट सांगतो, राक्षसांच्या वतीने फासे टाकतो, निवाडा देतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी मांत्रिक. काय करायचं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. नगरला परत आल्यावर तिला खेळायला कोणी मिळेना. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं.) शेवटी तिने वडिलांनाच खेळ चालवायला बसवलं. काका निवृत्त झालेले होतेच. त्यांनी जाडजूड इंग्रजी नियम शब्दकोश घेऊन वाचून काढले आणि मग ते असे काही रंगले की मुलीलाच म्हणू लागले, "तू नियम सांगू नको. तू खेळणारी आहेस."

मी चोर झालो. सापळे हुडकणं, कुलपं तपासणं, दारामागे कान देणं. म्हणजे आठवडाभर जे करायचो तेच रविवारी दुपारी. चौथा गडी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक धिप्पाड माणूस होता. काकूंचा फोन नीट करायला आला आणि लढवय्या होऊन राहिला.

काकांच्या खेळात परदेशी बर्फाचे डोंगर वगैरे नसत. त्यांचं जग म्हणजे कोरडे ओढे, बाभळी, टेकडीवरचा पडका किल्ला आणि मैलोगणती ऊस. राक्षस उसातच, वाळक्या पानांच्या पाचटात लपलेला असायचा. आमच्याकडे उसात बिबट्या निघाला ही बातमी दर हंगामात येते, त्यामुळे काका नुसतं "पाचट वाजलं" म्हणाले तरी मोबाईलवाला पाय वर घेऊन बसायचा.

ते स्वतः एका साखर कारखान्यात आयुष्यभर वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायची, ते आकडा सांगायचे, आणि गाडीवाला मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचा. काट्यावरच्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. काकांवर म्हणे ठेवत. पण ती नोकरी त्यांच्या अंगात मुरली होती. इतर ठिकाणी खेळ चालवणारा पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे फासे टाकतो, असं मुलीने सांगितलं तेव्हा ते उखडलेच. "आडोशाला काटा ठेवल्यावर लोक बोलणारच की." ते सगळ्यांदेखत फासा टाकत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून. आकडा मोठ्याने वाचत. मग एकेकाच्या तोंडाकडे बघून पुन्हा तेच: "बघून घ्या, मग बोला."

काकूंचं मात्र त्यांच्याबद्दल वेगळं मत होतं. एकदा चहा देताना म्हणाल्या, "ह्यांच्या हातून वाढून घ्यायला नको बघा. गावच्या जत्रेत ह्यांच्याकडं भाताचं वाढप होतं. सगळ्या पंगतीला ढीगभर, आणि माझ्या नि पोरीच्या पानात चमचाभर. पोरगी रडायला लागली. वर म्हणतात कसे, लोक बघतात."

आम्ही हसलो. काकाही हसले. मुलगी तेवढी हसली नाही, पण ते मला पुष्कळ नंतर आठवलं.

या खेळात खरी मारामारी राक्षसांशी नसते, ती मंतरलेल्या वस्तूंवरून होते. आणि मांत्रिकाचं तर सगळं बळच अशा वस्तूत. कांडी असते, अंगठी असते, मंतरलेला खडा असतो. ती हातात असली की साधा मंत्र दुप्पट लागतो, थकलेल्या मांत्रिकाला आणखी एक मंत्र फेकता येतो. पण नुसती हातात घेऊन चालत नाही. एक दुपारभर ती जवळ घेऊन बसावं लागतं, मनाशी जुळवून घ्यावी लागते, आणि अशा तीनपेक्षा जास्त वस्तू कोणाला झेपत नाहीत. त्यात काही शापितही असतात. घातली की निघत नाहीत. त्यामुळे मी कुठल्याही वस्तूला आधी काठीने ढोसून बघायचो. एकदा सोन्याची अंगठी मी तीन रविवार पिशवीत बांधून फिरवली, बोटात घातली नाही. मोबाईलवाला वैतागला. "तुमी अंगठी घालताय का तिची बी तपासणी करताय, साहेब?"

वस्तूंच्या बाबतीत काकांचा स्वतःचा एक नियम होता, पुस्तकातला नव्हे. वस्तूचं बळ खेळाडूने मोजायचं नाही, ते मोजणार काका. "मालकानं वजन करायचं नसतं," असं ते म्हणत. मोबाईलवाल्याच्या तलवारीला एकाची भर होती. तो घाव घालायचा आणि काका न चुकता म्हणायचे, "अधिक तलवारीचा एक, धरला." माझ्या बुटांचं बळसुद्धा ते मी विसरलो तरी धरायचे.

आणि मग विहिरीच्या तळाशी ती काळी काठी सापडली.

पडक्या विहिरीतून काकांच्या मुलीनेच ती वर काढली. ती मांत्रिक होती, आणि काठी मांत्रिकाचीच. काकांनी वस्तूचं बळ जाहीर केलं: हिच्यामुळे मंत्र चुकवणं दोनाने अवघड होतं. आता हे सांगायलाच हवं. मांत्रिकाने मंत्र टाकला की समोरच्याच्या वतीने फासा पडतो. फाशावरचा आकडा आणि त्याची अंगची ताकद यांची बेरीज मांत्रिकाच्या आकड्याला पोचली तर तो सुटला, कमी पडली तर अडकला. मुलीचा आकडा होता पंधरा. काठी धरून सतरा. या खेळात एवढी भर म्हणजे चंगळ.

बाहेर गेटपाशी मोबाईलवाला माझ्या कानाशी लागला. "बघितलं का? आमाला तलवारीचा एक, आन् पोरीला डायरेक्ट दोन. घरचं ते घरचंच."

मला अगदी हेच वाटत होतं. इतके दिवस खिसे बघतोय, आता सापडलं म्हणून बरंही वाटलं. पुढच्या रविवारपासून मी माझ्या चोराकडे दुर्लक्ष करून काकांच्या बेरजेवर डोळा ठेवला. पोरीला आणखी किती झुकतं माप देतात ते बघायचं होतं.

पहिल्याच लढाईत तिने एका दरोडेखोराला जागच्या जागी खिळवणारा मंत्र टाकला. काकांनी फासा टाकला. "बारा. अधिक त्याचे तीन. पंधरा. सुटला."

पंधरा? सतरा लागत होते. चुकले असतील, असं क्षणभर वाटलं. पण आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस दोन आणि दोन किती ते विसरत नाही. थोड्या वेळाने पुन्हा: सोळा. "सुटला." मुलीने नकाशाकडे बघत नुसती मान हलवली. त्याच दमात काका मोबाईलवाल्याकडे वळून म्हणाले, "अधिक तलवारीचा एक, धरला."

मग माझं डोकं भणभणायला लागलं. काठी शापित आहे आणि काका ते लपवताहेत, असा पहिला तर्क. बापलेकीने मिळून आम्हाला फसवायचा काही डाव रचलाय, हा दुसरा. मग वाटलं, काकांचं वय झालं. रविवारमागून रविवार गेले. काठी तिच्या हातात, आणि काठीचे दोन एकदाही धरले नाहीत. फासा सगळ्यांदेखत पडत होता, आकडा मोठ्याने वाचला जात होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत माप मारलं जात होतं. तेही स्वतःच्या मुलीचं. असला चोर मी जन्मात पाहिला नव्हता.

उलगडा झाला तो श्रीगोंद्याकडे. एका उलटलेल्या ट्रॅक्टरच्या तपासणीला मी एका खेड्यात गेलो होतो. ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारचं रान काकांच्या थोरल्या भावाचं निघालं. सगळे त्यांना नाना म्हणत. मी काकांकडे जातो म्हटल्यावर त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पण तोंड कडूच राहिलं.

"लई सरळ मानूस, असं म्हनत्यात न्हाई का त्याला?" नाना म्हणाले. "हाय की सरळ. माझी गाडी काट्यावर चढली की हा लगेच म्हननार, पाचट लई हाय, वजन कापा. दुसऱ्याच्या गाडीत निम्मं पाचट असलं तरी हूं न्हाई की चूं न्हाई. का, तर लोकांनी म्हनू नये, भावाचा ऊस जड करून घेतला. त्याचं नाव ऱ्हायलं, साहेब. माझा ऊस गेला."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"बोल्लो की. भांडलो. मग म्हनलं जाऊ द्या, ऊसच हाय. पर पोरीचं केलं ते काय बरं न्हाई केलं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "कारखान्यात केमिस्टची जागा निघाली हुती. पोरगी मुलाखतीत पैली आल्ती. ह्योच साहेबाकडं गेला आन् म्हनला, तिला घेऊ नका, मी हितंच नोकरीला, लोक बोलतील. घेतली न्हाई मग. मीच सांगितलं तिला. रडली बी न्हाई."

परत येताना गाडी चालवताना मला काकांचा असा राग आला की समोरचा रस्ता नीट दिसेना. लबाड माणसाला मी ओळखतो, त्याच्याशी माझं भांडण नसतं. पण स्वतःचं नाव धुऊन काढायला हा माणूस घरच्यांचं पाणी वापरत होता आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होता. मुलगी सावेडीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना रसायनं शिकवत बसली होती ती का, हेही आता कळलं.

त्याच सुमारास ती जागा पुन्हा निघाली. तिने अर्ज केला, मुलाखत दिली. काका आता निवृत्त होते, पण साहेब जुने ओळखीचे. बुधवारी ते काकांना फोन करून मुलीबद्दल विचारणार होते. हे मला काकूंनी सांगितलं.

त्या बुधवारच्या आधीचा रविवार. खेळात आम्ही ज्याच्या मागावर होतो तो मांत्रिक अखेर आमच्यासमोर आला. तो बिबट्याचं रूप घेऊन उसात वावरायचा. मोबाईलवाल्याचा लढवय्या आडवा झालेला, माझा चोर एका पायाने लंगडतोय. मुलीने खिळवणारा मंत्र टाकला.

काकांनी बाह्या वर केल्या, फासा टाकला. "अकरा. अधिक त्याचे पाच. सोळा." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "बघून घ्या. सुटला."

मुलीने फाशावर तळहात ठेवला.

"पप्पा, काठीचे दोन?"

काका म्हणाले, "धरतो ना मी. ते माझं काम आहे."

"एकदाही धरले नाहीत तुम्ही. विहिरीपासून आजपर्यंत. यांना विचारा, हे पण बघत होते." तिने माझ्याकडे बोट केलं. म्हणजे मी बघतोय हे ती बघत होती. मी मान हलवली.

मोबाईलवाला चक्रावला. "आँ? आमी तर म्हनत हुतो, काका पोरीला झुकतं माप देत्यात."

"हेच," काका एकदम म्हणाले. "हेच म्हणणार लोक. म्हणून..."

"म्हणून माझं कापायचं," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नानांचं कापलं तसं. कारखान्यात माझं कापलं तसं. मला माहीत आहे पप्पा, नानांनी सांगितलंय. मी तुमच्याकडे जास्त कधी मागितलं? माझ्या बाजूने काही करू नका. पण माझ्या विरुद्ध तरी नका करू."

काकांनी चष्मा काढला. शर्टाला पुसला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या माणसाचं कापलं ना, की मला रात्री शांत झोप लागायची."

"आणि आम्हाला?" काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

काकांनी मुलीचा हात बाजूला केला, फासा पुन्हा नीट बघितला, आणि बोटाने टेबलावर आकडे काढत हळू म्हणाले, "पंधरा. अधिक काठीचे दोन. सतरा. याचे सोळा." थांबले. "अडकला."

मी खरं सांगतो, मला तेवढ्यावर भरवसा वाटला नाही. पाघळलेला बाप आता दुसऱ्या टोकाला जाणार, आता पोरीला सगळं माफ होणार, असं मनात आलंच. आणि परीक्षा लगेच आली. खिळलेल्या माणसाला सुटायला दर फेरीला पुन्हा एक संधी मिळते. फासा पडला. बारा. अधिक पाच.

सतरा. बरोबर काठावर. सतरा म्हणजे सुटला, काठी धरूनही सुटला. आणि सुटला तर समोर उभी असलेली मुलीची मांत्रिक मेली. तिच्यात एक घाव सोसण्याइतकाही जीव उरला नव्हता. ते पात्र तिने होस्टेलपासून सांभाळलेलं होतं.

काका फाशाकडे बघत राहिले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, फाशाकडे नाही.

"पंधरा," ते म्हणाले. "काठीचे दोन धरले. सतरा. याचे पण सतरा." त्यांनी फासा उचलून बाजूला ठेवला. "सुटला."

बिबट्याने झेप घेतली आणि मांत्रिक मेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. मोकळं, तोंड भरून. तिला इतकं हसताना मी त्या घरात पाहिलं नव्हतं. "आत्ता खरी हरले," ती म्हणाली. मग वडिलांना म्हणाली, "बुधवारी फोनवर एवढंच करा पप्पा. आहे तेवढं सांगा."

बुधवारचं तिनेच नंतर सांगितलं. ती दाराआड उभी होती. काका फोनवर म्हणाले, "काम चांगलं करेल." मग खूप वेळ गप्प. तिला वाटलं, आता "पण" येणार. काकांनी "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवला आणि सोफ्यावर बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

तिला जागा मिळाली. आणि लोक बोलले. काका आयुष्यभर ज्याला भ्याले ते अखेर झालंच. मला वाटलं होतं ते कोसळतील, मुलीला राजीनामा द्यायला लावतील. त्यांच्याबद्दल मला तेवढा संशय उरला होता.

माझी बदली व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही दोघं सावेडीतल्या एका टपरीवर चहा पीत होतो. काट्यावरचा त्यांचा एक जुना सोबती मोटारसायकलवरून उतरला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "काय राव, शेवटी पोरीला चिकटवलीच म्हना की कारखान्यात! लई सरळपना सांगत व्हता आमाला."

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. काकांनी कप बाकावर ठेवला. मी तोंड उघडलं. तिची मुलाखत, तिचे मार्क, मागच्या वेळचं सगळं सांगणार होतो. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला गप्प केलं.

"व्हय," ते म्हणाले. "माझीच पोरगी हाय ती."